अल्पसंख्याक शाळांचे अनुदान

धार्मिक वा भाषिक अल्पसंख्याकांच्या संस्था चालवत असलेल्या शाळांना सरकारी तिजोरीतून मिळणारे अर्थसाहाय्य. संविधानाच्या अनुच्छेद ३०(१) ने या समाजांना शाळा काढण्याचा व चालवण्याचा हक्क दिला. अनुदानाचा हक्क दिलेला नाही. ३०(२) एवढेच बजावतो की, अनुदान वाटताना शाळा अल्पसंख्याकांची आहे म्हणून दुजाभाव करता येणार नाही. नवे संस्थाचालक नेमके इथेच फसतात : अल्पसंख्याक दर्जाचे प्रमाणपत्र आले म्हणजे पगार सुरू झाले, असा त्यांचा समज असतो.

कोण अल्पसंख्याक, हे राज्यागणिक ठरते (सर्वोच्च न्यायालयाचा टी. एम. ए. पै निकाल, २००२). त्यामुळे गुजराती भाषकांची संस्था मुंबईत अल्पसंख्याक ठरते, अहमदाबादेत नाही.

पैशाबरोबर अटी येतात. संपूर्ण सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धर्मशिक्षण देता येत नाही. अनुदानित खाजगी शाळेत देता येते, पण अल्पवयीन विद्यार्थ्याला त्या तासाला बसवायचे तर पालकाची संमती हवी (अनुच्छेद २८). ही संमती प्रवेशाच्या वेळीच लेखी घेऊन ठेवलेली बरी. तक्रार झाल्यावर कागद गोळा करणे अवघड जाते. केवळ धर्म, वंश, जात वा भाषा यांवरून प्रवेश नाकारण्यास २९(२) ची आडकाठी आहे. १९५४ साली मुंबई सरकारने इंग्रजी माध्यमाच्या शाळांत अँग्लो-इंडियन व बिगर-आशियाई वंशाच्या मुलांखेरीज इतरांना घेऊ नये असा आदेश काढला, तेव्हा देवळालीच्या बार्न्स हायस्कूलच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो याच कलमावर रद्द केला. गंमत अशी की, अँग्लो-इंडियन शाळांना विशेष अनुदान देणाऱ्या अनुच्छेद ३३७ ची अटच होती की, ४० टक्के प्रवेश इतर समाजांसाठी खुले हवेत. ते अनुदान दर तीन वर्षांनी १० टक्क्यांपर्यंत घटवता येई, आणि दहा वर्षांनी ते संपले.

महाराष्ट्रात अनुदानाचा मोठा भाग वेतनाचा. संच मान्यतेत, म्हणजे पटसंख्येनुसार शाळेची शिक्षकपदे ठरवणाऱ्या सरकारी मंजुरीत, पद मंजूर असावे लागते. मग नेमणूक, त्या शिक्षकाच्या नेमणुकीला शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता, शालार्थ (सरकारची ऑनलाइन वेतनप्रणाली) क्रमांक आणि शेवटी पगार काढणाऱ्या वेतन पथक कार्यालयाकडे बिल. पटसंख्या घसरली की संच मान्यतेत पद उडते आणि शिक्षक अतिरिक्त ठरतो. दर्जाचे प्रमाणपत्र त्याला वाचवत नाही. दुसऱ्या शाळांतले अतिरिक्त शिक्षक या संस्थांवर लादण्यावरून खटके उडतात ते वेगळेच. मान्यतेआधी रुजू करून घेतलेला शिक्षक वर्षानुवर्षे बिनपगारी राबतो, हा या व्यवस्थेतला सर्वांत दुखरा भाग.

सवलत आहे ती नेमणुकीत. १९७७ च्या खाजगी शाळा कर्मचारी अधिनियमाच्या कलम ३(२) नुसार अल्पसंख्याक शाळेचा मुख्याध्यापक आणि आणखी जास्तीत जास्त तिघे यांच्या भरतीला तो कायदा लागू होत नाही. मात्र या तिघांची नावे व्यवस्थापनाने संचालक किंवा उपसंचालकांना कळवलेली असली पाहिजेत. नावे न कळवताच सवलत गृहीत धरली, तर ज्येष्ठ शिक्षक डावलल्याची तक्रार घेऊन न्यायाधिकरणात जातो आणि संस्थेला बचाव उरत नाही.

शिक्षण हक्क कायदा अल्पसंख्याक शाळांना, अनुदानित असोत वा विनाअनुदानित, लागू नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या प्रमती निकालाने ठरवले. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या द्विसदस्यीय पीठाने त्यावर शंका घेऊन प्रकरण मोठ्या पीठाकडे सोपवण्यासाठी सरन्यायाधीशांपुढे ठेवले. या शाळांतील शिक्षकांना त्या कायद्याखालची टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) सक्तीची का, याचे उत्तर त्या निर्णयावर अवलंबून आहे.