लेखणीवर पोट भरण्यामागचा इतिहास

लेखनावर जगणाऱ्यांची तक्रार सगळीकडे एकच असते: मजकूर वेळेत हवा, मानधन मात्र सवडीने येतं आणि हक्क केव्हाच सही करून दिलेले असतात. हे दुखणं आजचं नाही.

इंग्रज कवी जॉन मिल्टनने १६६७ मध्ये 'पॅराडाइज लॉस्ट' या महाकाव्याचा करार केला तेव्हा त्याच्या हातात ५ पौंड पडले. पहिली आवृत्ती खपल्यावर आणखी ५. पुढे १६८० मध्ये त्याच्या विधवेने उरलेसुरले सगळे हक्क ८ पौंडांना देऊन टाकले. त्या काळी लेखक जगायचा तो एखाद्या उमरावाच्या आश्रयावर. पुस्तकाची मालकी मुद्रक आणि विक्रेत्यांकडे असायची. इंग्लंडमधल्या १७१० च्या कायद्याने नव्या पुस्तकाचा हक्क प्रथमच लेखकाच्या नावावर लावला: १४ वर्षं, आणि तोवर लेखक हयात असला तर पुढची १४.

कायदा आला म्हणून चणचण संपली नाही. इंग्रज लेखक सॅम्युअल जॉन्सनने इंग्रजी शब्दकोशाचं काम १५०० गिनींना (गिनी म्हणजे पौंडाहून थोडं जास्त मोलाचं जुनं इंग्रजी नाणं) अंगावर घेतलं. तीन वर्षांत उरकेल असा त्याचा अंदाज होता. लागली जवळपास नऊ. मदतनिसांचे पगार त्याच रकमेतून. शब्दकोश १७५५ मध्ये गाजला आणि पुढच्याच वर्षी कर्जापायी त्याला अटक झाली. ठोक रकमेवर काम घेणाऱ्या प्रत्येकाने हा हिशेब एकदा नीट पाहावा.

रशियन कादंबरीकार दस्तयेव्हस्कीचा करार मला सर्वांत भयंकर वाटतो. कर्जाने गांजलेल्या या माणसाने १८६५ मध्ये ३००० रूबलसाठी स्टेलोव्हस्की नावाच्या प्रकाशकाला आपल्या लेखनाच्या आवृत्तीचे हक्क दिले. वर एक अट: १ नोव्हेंबर १८६६ पर्यंत नवी कादंबरी दिली नाही, तर पुढची नऊ वर्षं तो जे लिहील ते प्रकाशकाने फुकट छापावं. ऑक्टोबर उजाडला तरी एक ओळ झाली नव्हती. मग ॲना स्नित्किना ही तरुण लघुलेखिका आली. तो रात्री टिपणं काढायचा, दुपारी सांगायचा. ती घरी नेऊन साफ प्रत करायची. २६ दिवसांत 'जुगारी' पुरी झाली. हस्तलिखित द्यायला गेला तर प्रकाशक गावात नाही, कचेरीत कोणी घ्यायला तयार नाही. शेवटी पोलीस ठाण्यात जमा करून त्याने पोच घेतली. ती पोच नसती तर नऊ वर्षं गेलीच होती. पुढे ॲनाशी त्याचं लग्न झालं आणि १८७३ पासून त्याची पुस्तकं तिनेच छापून विकायला सुरुवात केली. धंदा हाताशी आल्यावर घरची कर्जं हळूहळू फिटली.

इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलोपने पोस्टातली नोकरी धरून पहाटे घड्याळ समोर ठेवून दर पाव तासाला २५० शब्द लिहिले; पगार चालू असल्यामुळे प्रकाशकाशी घासाघीस करायला त्याला बळ होतं. एकट्याची ही ताकद लेखकांच्या संघटनेत आली ती फ्रान्समध्ये १८३८ ला, ब्रिटनमध्ये १८८४ ला. १८८६ च्या बर्न करारामुळे लेखकाचा हक्क देशाच्या सीमेपलीकडेही धरला जाऊ लागला.

२०२३ मध्ये अमेरिकेतले पटकथालेखक १४८ दिवस संपावर होते. मानधनासोबत भांडण यंत्राने, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेने, लिहिलेल्या मजकुराचंही होतं. नव्या करारानुसार निर्मिती कंपनी लेखकाला असं साधन वापरायची सक्ती करू शकत नाही, आणि यंत्राकडून आलेला मजकूर लेखकाच्या हाती दिला तर तसं सांगावं लागतं.