आपोआप वाजणारा ग्रँड पियानो: रोल म्हणजे स्वरलिपी की यंत्राचा सुटा भाग?

लॉबीत ग्रँड पियानो वाजतोय, पट्ट्या खाली-वर होतायत आणि स्टुलावर कोणीच नाही. या दृश्याचं नवल आता ओसरलंय. फोनवर गाणं निवडलं की पियानो वाजतो, हे मुलांनाही ठाऊक असतं. पण या वाद्यापायी 1908 साली एक निकाल लागला आणि त्याचे पडसाद थेट आपल्याकडच्या कॅसेटच्या दुकानापर्यंत आले. त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही.

एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय खटपटी इथे सोडून देतो. खरा धंदा उभा राहिला तो 1895 च्या सुमारास अमेरिकेत बनलेल्या पियानोलावर. पियानोला हे एकाच कंपनीचं व्यापारी नाव होतं, पण डालडासारखं ते सगळ्यांनाच चिकटलं. सुरुवातीचा पियानोला म्हणजे एक कपाट. ते पियानोसमोर ढकलून लावायचं, मग त्याची लाकडी बोटं पट्ट्या दाबायची. पेटीचा भाता सुरांवर हवा सोडतो, याचा भाता उलट हवा ओढून घेतो. भोकं पाडलेला कागदी रोल पितळी पट्टीवरून सरकतो. कागदातलं भोक पट्टीतल्या छिद्रावर आलं की बाहेरची हवा आत शिरते, झडप उघडते, त्या सुराचा इवलासा भाता आकसतो आणि बोट खाली येतं. पुढे हे सगळं पियानोच्या पोटातच बसवलं गेलं.

आता तो निकाल. एका प्रकाशकाकडे दोन गाण्यांचे हक्क, म्हणजे कॉपीराइट, होते. एका रोलवाल्या कंपनीने ती गाणी विचारल्याशिवाय रोलवर उतरवून विकली. प्रश्न एवढाच होता: रोल ही गाण्याची ‘प्रत’ आहे का? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 24 फेब्रुवारी 1908 रोजी सांगितलं, नाही. प्रत म्हणजे माणसाला बघून वाचता येईल अशी नोंद. रोल हा यंत्राचा भाग आहे. पुष्कळ सराव केला तर रोल वाचता येईल, असंही कोणी साक्षीत सांगितलं होतं, पण बहुतेक साक्षी त्याविरुद्ध होत्या. निकालपत्रातच आकडे आहेत: 1902 साली अमेरिकेत अशी 70 ते 75 हजार वाद्यं वापरात होती आणि त्या एका वर्षात 10 ते 15 लाख रोल बनले. म्हणजे इतक्या रोलांवर संगीतकाराला कायद्याने एक छदामही मिळणार नव्हता.

निकाल एकमताने लागला, तरी एका न्यायमूर्तींनी वेगळी टिपणी जोडली. कायदा आज जसा आहे तसा वाचला तर निकाल बरोबर, पण ज्या वस्तूतून तीच स्वररचना पुन्हा निघते ती तर्काने प्रतच मानायला हवी, असा तिचा आशय. मला ही टिपणी मूळ निकालापेक्षा शहाणपणाची वाटते. अर्थात न्यायालयाला आधारही होता. इंग्लंडच्या कोर्टांनी आधीच असाच कौल दिला होता, आणि 1886 च्या बर्न करारात, म्हणजे कॉपीराइटबद्दलच्या आंतरराष्ट्रीय करारात, यांत्रिक वाद्यांना सवलत होती. स्वित्झर्लंडच्या म्युझिक बॉक्सवाल्यांना सांभाळण्यासाठी ती घातली होती.

पुढची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. निकाल संगीतकारांच्या बाजूने लागेल या हिशेबाने रोलच्या धंद्यातल्या सर्वांत मोठ्या कंपनीने आधीच बऱ्याच प्रकाशकांशी दीर्घ मुदतीचे करार करून ठेवले होते: हक्क मिळाले तर ते फक्त आम्हाला. त्यामुळे नुसता हक्क दिला तर सगळा बाजार एकाच्या घशात जाईल, ही भीती कायदेमंडळाला वाटली. म्हणून 1909 च्या कायद्यात मधला मार्ग काढला. संगीतकाराला हक्क मिळाला, पण त्याने एकाला परवानगी दिली की बाकी कोणालाही प्रतीमागे 2 सेंट भरून तेच गाणं काढता येईल. नाही म्हणायची सोय नाही. हे 2 सेंट 1977 संपेपर्यंत 2 सेंटच राहिले. यंत्राने वाजणाऱ्या प्रतींवरच्या या हक्काला ‘मेकॅनिकल’ म्हणत, तो शब्द तर अजून आहे. आज अमेरिकेत स्ट्रीमिंगवरच्या गाण्यासाठी संगीतकाराला मिळणाऱ्या एका हिश्श्याला मेकॅनिकल रॉयल्टीच म्हणतात.

ब्रिटिशांनी 1911 च्या कायद्यात हीच युक्ती घेतली आणि 1914 मध्ये ती हिंदुस्थानात आली. 1957 च्या आपल्या कायद्यातही ती टिकली. 1980 च्या दशकात मूळ गायकाऐवजी दुसऱ्याच आवाजातली ‘व्हर्जन’ गाणी स्वस्त कॅसेटवर धडाधड विकली गेली, ती याच तरतुदीच्या आडोशाने.

पियानोकडे वळू. 1904 मध्ये जर्मनीत वेल्टे-मिन्यों हा नव्या तऱ्हेचा रोलवाला पियानो आला. त्यात वादकाची लय, जोर आणि पेडल असं तिन्ही रोलवर उतरत होतं. मर्यादा एक होती: जोर प्रत्येक सुराला वेगळा देता येत नसे. पट्ट्यांचे खर्ज आणि तार असे दोन भाग, आणि हवेची ओढ त्या-त्या भागाला एकच. त्याच क्षणी एक सूर ठळक आणि शेजारचा हलका हवा असेल, तर रोल कापणाऱ्याला तो ठळक सूर केसभर मागे-पुढे सरकवावा लागे. रेडिओ, विजेवरचं ध्वनिमुद्रण आणि 1929 ची मंदी, या तिघांनी तो धंदा बसवला.

वाद्य परत आलं ते विजेवर. 1970 च्या दशकात कॅसेटवर चालणारे संच निघाले, 1987 मध्ये यामाहाचा आपोआप वाजणारा पियानो, डिस्क्लाव्हियर, अमेरिकेत विकायला आला. पट्ट्यांच्या खालचा पाट कापून प्रत्येक पट्टीच्या मागच्या टोकाखाली एक सोलेनॉइड बसवतात. कॉइलमध्ये वीज गेली की आतला दांडा वर उसळतो, पट्टीचं मागचं टोक उचलतो आणि पुढचं खाली जातं. वीज किती, त्यावर हातोडीचा वेग. गंमत म्हणजे हलका सूर वाजायला जास्त वेळ लागतो, कारण हातोडीच सावकाश जाते. म्हणून डिस्क्लाव्हियर सगळंच वादन अर्धा सेकंद उशिरा वाजवतो आणि तेवढ्या सवडीत प्रत्येक सुराला किती आधी ढकलायचं ते ठरवतो.

बारकावा हा पुढचा झगडा. 1983 च्या मिडीमध्ये, म्हणजे वाद्यांनी एकमेकांना सूर आकड्यांत कळवायच्या पद्धतीत, सुराच्या जोराच्या 127 पायऱ्या होत्या. 2015 मध्ये आलेल्या स्टाइनवेच्या स्पिरिओ या आपोआप वाजणाऱ्या पियानोसाठी हातोडीच्या वेगाच्या 1020 आणि पेडलच्या 256 पायऱ्या सांगतात. त्यामागचं तंत्र त्याच अभियंत्याच्या कामातून आलेलं आहे, ज्याने 1980 च्या दशकात एका व्हिएन्नाच्या ग्रँडला संगणक जोडला होता. आता तर दिवंगत वादकांच्या जुन्या ध्वनिमुद्रणांतून हातोडीचे वेग काढून तेच वादन पियानोवर पुन्हा वाजवतात. हे रोलसारखं वादन, की ध्वनिमुद्रणासारखी नोंद? 1908 चाच प्रश्न, फक्त कागद गेला.

आपल्या 1957 च्या कायद्यात ‘रेकॉर्ड’ची व्याख्या करताना तबकडी आणि टेपबरोबर ‘भोकं पाडलेला रोल’ असा स्पष्ट उल्लेख होता. 1994 च्या दुरुस्तीत ती व्याख्या काढून ‘ध्वनिमुद्रण’ आणलं, आणि रोल कायद्यातून गेला. आपोआप वाजणारे ग्रँड तेव्हा फ्लॉपीवर चालत होते.