तेजस्वी दीर्घिकांतील दडलेल्या केंद्रकांचा अवरक्त वर्णपटीय शोध

ज्या दीर्घिकांची अवरक्त दीप्ती सूर्याच्या एक लाख कोटी पटींहून अधिक असते, त्यांना अतितेजस्वी अवरक्त दीर्घिका म्हणतात. १९८३ च्या आयरास उपग्रहाच्या आकाशपाहणीत त्या मोठ्या संख्येने सापडल्या. यांतील ऊर्जा वेगवान ताराजन्मातून येते की महाकाय कृष्णविवरात पडणाऱ्या वायूतून, हा कळीचा प्रश्न आहे. सीफर्ट दीर्घिकांत, म्हणजे मध्यावर वायू गिळणारे कृष्णविवर असलेल्या एका प्रकारच्या दीर्घिकांत, धूळ वलयासारखी असते आणि वलयाच्या अक्षाकडून निसटलेले किरण केंद्रकाचा, म्हणजे त्या सक्रिय कृष्णविवराचा, पत्ता देतात. अतितेजस्वी अवरक्त दीर्घिकांत मात्र धूळ सर्व बाजूंनी दाटलेली असते, त्यामुळे दृश्य वर्णपट फसवतो. ३ ते ४ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीला धुळीचे शोषण, प्रतींमध्ये (तेजस्विता मोजण्याच्या खगोलीय एककात) मोजल्यास, दृश्य प्रकाशातील शोषणाच्या सुमारे ६ टक्केच असते; म्हणून केंद्रकाच्या खुणा इथे शोधतात.

पहिली खूण ३.३ मायक्रॉनची. ताराजन्माच्या प्रदेशात बहुवलयी हायड्रोकार्बनचे रेणू तिथे ठळक उत्सर्जन देतात. त्याची तुल्य रुंदी (आसपासच्या अखंड पार्श्वप्रकाशाच्या तुलनेत उत्सर्जन किती ठळक आहे याचे माप) सुमारे १०० नॅनोमीटर असते आणि धूळ वाढली तरी फारशी बदलत नाही, कारण उत्सर्जन व पार्श्वप्रकाश दोन्ही सारखेच मंदावतात. कृष्णविवराजवळ क्ष-किरण हे रेणू मोडतात आणि हजारभर केल्विनपर्यंत तापलेली धूळ कोणत्याही रेषा नसलेला सपाट प्रकाश मिसळते. रुंदी ४० नॅनोमीटरखाली गेली, तर केंद्रकाचा वाटा मोठा मानतात.

दुसरी खूण शोषणाची, आणि तीच अधिक भक्कम. तारे व धूळ एकमेकांत मिसळलेली असतील, तर पुढच्या बाजूचे तारे झाकले जात नाहीत. त्यांचा प्रकाश शोषणाची खोली भरून काढतो. म्हणून अशा मांडणीत ३.१ मायक्रॉनच्या, धुळीवरील बर्फाच्या शोषणपट्ट्याची प्रकाशीय जाडी (शोषण किती खोल आहे याचे माप) सुमारे ०.३ च्या, तर ३.४ मायक्रॉनच्या कार्बनी धुळीच्या पट्ट्याची ०.२ च्या पुढे जात नाही. त्याहून खोल पट्टा दिसला, तर प्रकाशाचा स्रोत धुळीच्या आत, अगदी मध्यावर आहे.

जमिनीवरून निरीक्षण करताना दुर्बिणीची व हवेची स्वतःची उष्णता स्रोतापेक्षा कितीतरी प्रखर असते. म्हणून स्रोत वर्णपटमापकाच्या फटीच्या लांबीवर दोन ठिकाणी आलटूनपालटून ठेवतात व चित्रे वजा करतात. वातावरणातील मिथेनचे शोषण ३.३ मायक्रॉनजवळच येते. ते काढण्यासाठी आकाशात दीर्घिकेइतक्याच उंचीवर दिसणारा तारा घेऊन त्याच्या वर्णपटाने दीर्घिकेच्या वर्णपटाला भागतात; शक्यतो एफ किंवा जी वर्गाचा, कारण ए वर्गाच्या ताऱ्यांची हायड्रोजन रेषा नेमकी ३.३० मायक्रॉनवर असते आणि भागाकारानंतर खोटे उत्सर्जन उरते.

मध्य-अवरक्तात ९.७ मायक्रॉनचा सिलिकेट पट्टा खोल असला तरी जपून वाचावा. त्याच्या दोन्ही बाजूंना ७.७ व ११.३ मायक्रॉनची हायड्रोकार्बन उत्सर्जने उभी असतात. पार्श्वप्रकाशाची पातळी दाखवणारी रेषा त्यांच्या शिखरांवरून ओढली, तर शोषण नसतानाही खड्डा दिसतो. १४.३२ मायक्रॉनची निऑन रेषा हा केंद्रकाचा सरळ पुरावा: ती देणारा आयन तयार व्हायला ९७ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा लागते, आणि सामान्य तारे ती पुरवू शकत नाहीत. पण ही रेषा न दिसल्याने केंद्रक नाही असे ठरत नाही. धूळ सर्व दिशांनी किरण अडवत असेल, तर ही रेषा उमटवणारा वायू आयनितच होत नाही.