डेल्टा (Δ, δ)

डेल्टा : ग्रीक वर्णमालेतील चौथे अक्षर. मोठे रूप Δ, लहान रूप δ. प्राचीन ग्रीकमध्ये त्याचा उच्चार आपल्या ‘द’च्या जवळचा होता. आजच्या ग्रीकमध्ये मात्र जीभ दातांच्या मध्ये ठेवून, हवा घासत बाहेर सोडून तो उच्चारतात. इंग्रजी ‘दिस’, ‘दॅट’मधला पहिला ध्वनी तोच. त्यामुळे परभाषेतला स्पष्ट ‘ड’ लिहायची वेळ आली, की आजच्या ग्रीकांना न्यू आणि टाऊ ही दोन अक्षरे जोडावी लागतात.

या अक्षराचे उपयोग इतके पसरले आहेत, की नदीचे मुख, गणितातला फरक, विजेची मोटर, तारा आणि विषाणू यांचा एकमेकांशी काय संबंध असा प्रश्न पडतो. बारकाईने पाहिले तर जवळपास प्रत्येक उपयोग तीनपैकी एका कारणापाशी येऊन थांबतो : अक्षराचा त्रिकोणी आकार, वर्णमालेतील त्याचा चौथा क्रम, किंवा ज्या शब्दासाठी ते वापरले त्या शब्दाचा आरंभीचा ध्वनी.

ग्रीकांनी आपली लिपी फिनिशियन व्यापाऱ्यांकडून घेतली. हा काळ साधारण इ. स. पू. आठव्या शतकाच्या आसपासचा. फिनिशियन ‘दालेत’ या अक्षराच्या नावाचा अर्थ दार. ग्रीकांनी नाव आपल्या जिभेला रुळेल असे ‘डेल्टा’ केले आणि दाराचा अर्थ मागे राहिला. सुरुवातीचे ग्रीक लेखन कधी उजवीकडून डावीकडे, कधी एक ओळ इकडून तर दुसरी तिकडून असे चाले, आणि ओळीची दिशा बदलली की अक्षरेही उलटी काढत. समभुज Δ दोन्ही बाजूंनी सारखाच असल्याने त्याला या उलटापालटीचा काहीच फरक पडला नाही. पश्चिमेकडील काही ग्रीक वस्त्यांत मात्र त्याची एक बाजू गोलसर झाली. तेच रूप इटलीतील इट्रुस्कन लोकांमार्फत रोमनांकडे गेले आणि लॅटिन ‘डी’ बनले. रशियन व बल्गेरियन लिहिल्या जातात त्या सिरिलिक लिपीतील Д हेही डेल्टाचेच वंशज; त्याला खाली दोन पाय फुटलेले दिसतात. लहान δ फार उशिराचे. हस्तलिखिते भराभर उतरवताना लेखणी न उचलता काढता येईल अशी वळणे रूढ झाली आणि इ. स. नवव्या शतकातील बायझंटाइन लेखनशैलीत हे रूप पक्के झाले.

संख्या लिहिण्यासाठीही डेल्टा वापरत, आणि तोही दोन वेगळ्या अर्थांनी. अथेन्सच्या जुन्या शिलालेखांत, खजिन्याच्या हिशेबांत, Δ म्हणजे दहा. कारण दहाला ग्रीक शब्द ‘देका’. संस्कृत ‘दश’ आणि आपला ‘दहा’ याच कुळातले. पुढे अक्षरांना क्रमाने किंमत देणारी पद्धत आली आणि त्याच अक्षराची किंमत चार झाली.

आकारावरून पडलेले सर्वांत जुने आणि सर्वांत टिकाऊ नाव नाईल नदीच्या मुखाचे. कैरोच्या उत्तरेला नाईलचे फाटे फुटतात आणि समुद्राला मिळेपर्यंत मध्ये गाळाचा पंख्यासारखा प्रदेश पसरतो. दक्षिणोत्तर सुमारे १६० किमी. आणि किनाऱ्यालगत सुमारे २४० किमी. आजच्या नकाशात उत्तर वर असल्याने हा त्रिकोण उलटा दिसतो. पण ग्रीक खलाशी उत्तरेकडून, समुद्रावरून येत. त्यांच्या दृष्टीने पाया समोर आणि टोक दूर दक्षिणेला, म्हणजे अक्षर सरळच. इ. स. पू. पाचव्या शतकात ग्रीक इतिहासकार हिरॉडोटस हे नाव रुळलेले धरूनच लिहितो. इजिप्त म्हणजे फक्त डेल्टा, असे म्हणणाऱ्या आयोनियन ग्रीकांशी तो वादही घालतो : हा प्रदेश नदीच्या गाळाने अलीकडे तयार झाला असे खुद्द इजिप्शियन लोकच सांगतात, मग त्याआधी इजिप्शियन लोक नव्हतेच की काय? जमीन नदी घडवते, हे इतक्या लवकर ओळखणारी ही नोंद भूविज्ञानाच्या इतिहासात मोलाची आहे. त्या काळी नाईलची सात मुखे सांगत. आता रशीद आणि दमिएटा या दोनच मुख्य शाखा उरल्या आहेत. आस्वानचे मोठे धरण १९७० मध्ये पूर्ण झाल्यापासून गाळ धरणामागे अडतो आणि या दोन्ही मुखांजवळचा किनारा समुद्र खात चालला आहे.

एका जागेचे नाव सामान्यनाम होण्याच्या वाटेवर पहिला मोठा टप्पा आला तो भारतीय उपखंडात. अलेक्झांडरच्या स्वारीचा इतिहास लिहिणारा एरियन सांगतो, की सिंधू नदीही इजिप्तसारखाच डेल्टा तयार करते आणि त्याला तिथल्या भाषेत पट्टल म्हणतात. हा प्रदेश आजच्या सिंध प्रांतात येतो. पुढे भूगोलात कोणत्याही नदीच्या अशा मुखाला हे नाव मिळाले, मग आकार त्रिकोणी असो वा नसो. मिसिसिपीचा डेल्टा पक्ष्याच्या पंजासारखा समुद्रात शिरतो. बोट्स्वानातील ओकावांगो तर समुद्रापर्यंत पोचतच नाही, तरी तोही डेल्टाच. गंगा-ब्रह्मपुत्रेचा डेल्टा जगात सर्वांत मोठा मानला जातो.

मराठी पाठ्यपुस्तकांत याला त्रिभुज प्रदेश म्हणतात. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर मात्र तो शोधून सापडत नाही. सह्याद्रीतून पश्चिमेला उतरणाऱ्या नद्या आखूड आणि तीव्र उताराच्या. त्यांनी आणलेला गाळ भरती-ओहोटी साचू देत नाही आणि मुखाशी खाडी राहते. सावित्रीची बाणकोटची खाडी, वाशिष्ठीची दाभोळची खाडी, गोव्यात मांडवी आणि झुआरीची मुखे ही सगळी याच घडणीची. नाशिकजवळ त्र्यंबकेश्वरला उगम पावणारी गोदावरी उलट दिशेला १,४६५ किमी. वाहत जाते, आंध्र प्रदेशात धवळेश्वरमपाशी गौतमी आणि वसिष्ठा अशी विभागते आणि तिथे भाताचे समृद्ध कोठार असलेला डेल्टा पसरवते. त्या मातीत दख्खनच्या बसाल्टाचाही अंश आहे. महाराष्ट्रातल्या मातीचा त्रिभुज प्रदेश पाहायचा तर बंगालच्या उपसागराकडेच जावे लागते.

गणितात डेल्टा आला तो आरंभीच्या ध्वनीमुळे : फरक या अर्थाच्या लॅटिन ‘डिफरेन्शिया’चा ‘ड’. लिओनार्ड ऑयलरने १७५५ च्या आपल्या कलनावरील ग्रंथात Δ हे चिन्ह सांत फरकासाठी, म्हणजे दोन किमतींमधील ठरावीक फरकासाठी, वापरले. आज भौतिकीच्या वर्गात ‘डेल्टा टी’ म्हटले की तापमानातील किंवा वेळेतील बदल, हे वेगळे सांगावे लागत नाही. लहान δ ला गणितज्ञ कोशीने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘हवा तितका लहान फरक’ या अर्थाने सिद्धतेत आणले आणि गणितज्ञ वायरश्ट्रासने त्यावर सीमेची (लिमिटची) काटेकोर व्याख्या उभी केली. एप्सिलॉन-डेल्टाची ही व्याख्या पदवीच्या पहिल्या वर्षाला अनेकांना अवघड जाते. तरीही तिच्यासाठी घालवलेला वेळ सार्थकी लागतो, कारण ‘जवळ जाणे’ म्हणजे नेमके काय हे ती संदिग्धता न ठेवता सांगते. क्रोनेकर डेल्टाची किंमत दोन निर्देशांक सारखे असताना एक, एरवी शून्य. पॉल डिरॅकचा डेल्टा याहून विलक्षण : एका बिंदूखेरीज सर्वत्र शून्य, तरी आलेखाखालील एकूण क्षेत्रफळ एक. सामान्य अर्थाने हे फलन असूच शकत नाही. भौतिकशास्त्रज्ञ ते बेधडक वापरत राहिले आणि लोरां श्वार्त्झने १९४० च्या दशकात त्याला भक्कम गणिती पाया दिला. शाळेत वर्गसमीकरणाचा विवेचकही Δ नेच दाखवतात. रसायनशास्त्रात अभिक्रियेच्या बाणावर Δ असेल तर उष्णता द्यायची असे समजावे.

क्रमावरून मिळालेल्या कामांत सर्वांत सुंदर काम आकाशातले. योहान बायरने १६०३ च्या आपल्या तारकापटात प्रत्येक तारकासमूहातील ताऱ्यांना साधारण तेजस्वितेच्या क्रमाने ग्रीक अक्षरे दिली. वृषपर्वा (सेफियस) तारकासमूहातील डेल्टा या ताऱ्याची प्रत, म्हणजे दिसणारे तेज, ५.३७ दिवसांत कमी-जास्त होते, हे यॉर्कच्या जॉन गुडरिकने १७८४ मध्ये नुसत्या डोळ्यांनी, शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करत शोधले. तो बहिरा होता आणि १७८६ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी वारला. त्याने हेरलेल्या या ताऱ्यावरून एका संपूर्ण वर्गाला सेफीड असे नाव पडले. या वर्गातील ताऱ्यांचा आवर्तकाल जितका जास्त तितके त्यांचे खरे तेज जास्त, हे हार्वर्डच्या हेन्रिएटा लेव्हिटने १९१२ मध्ये दाखवले. त्यामुळे दीर्घिकांची अंतरे मोजता आली. एडविन हबलने १९२३ मध्ये देवयानीत (अँड्रोमेडात) असाच तारा ओळखला आणि ती आपल्या आकाशगंगेबाहेरची स्वतंत्र दीर्घिका असल्याचे सिद्ध झाले. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या रात्री महाराष्ट्रातून, शहराच्या उजेडापासून दूर, शर्मिष्ठेच्या शेजारी उत्तरेला हा तारा दिसतो. आठवडाभर रोज पाहिला तर त्याचा चढउतार कोणालाही टिपता येईल.

मेंदूच्या आलेखातील सर्वांत मंद, सेकंदाला चारपेक्षा कमी आवर्तनांच्या लहरींना ग्रे वॉल्टरने १९३६ मध्ये डेल्टा हे नाव दिले. गाढ झोपेत त्या दिसतात. विमानांत त्रिकोणी पंखाला डेल्टा पंख म्हणतात. ‘मिराज २०००’ आणि भारतीय ‘तेजस’ ही त्याची परिचित उदाहरणे.

महाराष्ट्राच्या शेतशिवारात हे अक्षर वेगळ्याच वाटेने पोचले. विहिरीवरच्या मोठ्या मोटरीच्या पेटीवर ‘स्टार-डेल्टा स्टार्टर’ लिहिलेले असते. थ्री-फेज मोटरीची तीन वायंडिंगे टोकाला टोक जोडून त्रिकोण केला की ती डेल्टा जोडणी. थेट डेल्टात मोटर चालू केली तर ती सुरुवातीला फार करंट ओढते. म्हणून आधी तिन्ही वायंडिंगांची एकेक टोके एकत्र जोडलेल्या स्टार जोडणीत सुरू करतात. तेव्हा प्रत्येक वायंडिंगला ४१५ ऐवजी सुमारे २४० व्होल्ट मिळतात आणि लाइनमधून घेतला जाणारा करंट एक तृतीयांशावर येतो. मोटरीने वेग घेतला की काही सेकंदांत जोडणी बदलून डेल्टा होते. या मोटरीतून सहा वायरी का निघतात, याचे उत्तर यातच आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने ३१ मे २०२१ रोजी करोना विषाणूच्या प्रकारांना ग्रीक अक्षरे दिली. देशाच्या नावाने विषाणू ओळखला जाऊन तिथल्या लोकांना बोल लागू नये, हा हेतू. भारतात ऑक्टोबर २०२० मध्ये प्रथम आढळलेला बी.१.६१७.२ हा प्रकार यादीत चौथा, म्हणून डेल्टा झाला. त्याच्या कुळाकडे २०२१ च्या आरंभी लक्ष वेधले गेले त्यात महाराष्ट्रातील नमुन्यांचा मोठा वाटा होता. दुसऱ्या लाटेत ज्यांनी घरची माणसे गमावली त्यांच्यासाठी हे अक्षर आता नुसते गणिताचे किंवा भूगोलाचे राहिलेले नाही. त्याच वर्षी जूनमध्ये ‘डेल्टा प्लस’ या त्याच्या उपप्रकाराचे रुग्ण रत्नागिरी आणि जळगावातही सापडले.

डेल्टासारखी दिसणारी दोन चिन्हे वेगळी ओळखावीत. आंशिक विकलनाचे ∂ हे वळणदार लॅटिन ‘डी’ आहे, δ नव्हे. उलट्या त्रिकोणाचे ∇ हे विल्यम रोवन हॅमिल्टनने वापरात आणले. एका प्राचीन तंतुवाद्याच्या आकारावरून त्याला ‘नाब्ला’ म्हणतात, आणि एके काळी काही जण त्याला डेल्टाची इंग्रजी अक्षरे उलट वाचून ‘अ‍ॅटलेड’ असेही म्हणत.