हाडाचा कस आणि अंगातला दम: अस्थिसार व व्यायामशक्ती

बीड-लातूरकडं पहाटे ग्राउंडवर पळणाऱ्या पोलिस भरतीच्या पोरांबद्दल गावात निकाल झटकन लागतो: ‘हाडापेरानं दणकट आहे, हा लागणार.’ पण हाडपेर आणि दम या आयुर्वेदात दोन वेगळ्या परीक्षा आहेत. चरकसंहितेच्या विमानस्थानात, आठव्या अध्यायात, रोग्याचं बळ जोखायला ज्या दहा गोष्टी तपासायला सांगितल्या आहेत, त्यांत ‘सार’ निराळं आणि ‘व्यायामशक्ती’ निराळी.

सार म्हणजे धातूचा, म्हणजे रक्त, मांस, हाड अशा शरीर घडवणाऱ्या घटकाचा, कस. ज्याच्या हाडांचा कस उत्तम तो अस्थिसार. अशा माणसाची टाच, घोटे, गुडघे, हनुवटी, डोकं, बोटांची पेरं ठसठशीत. हाडं, नखं, दात मोठे. असा माणूस उत्साही, कामसू, कष्ट सोसणारा आणि दीर्घायुषी असतो, असं चरक सांगतो. गल्लत होते ती इथंच. कष्टाचं नाव आलं की लोक दमही त्यातच धरतात.

व्यायामशक्ती मात्र कामावरून ओळखायची. १६०० मीटरच्या शेवटच्या टप्प्यात मनगटाची जाडी उपयोगाला येत नाही. दम सरावानं वाढतो, महिनाभर बसून राहिलं की उतरतो. हाडाचा कस इतक्या लवकर हलत नाही. त्याच अध्यायात बजावलंय, की लहान चणीची, किडकिडीत माणसंही बलवान असतात. मुंगी नाही का भार ओढत?

याची उलट बाजू मला जास्त काळजीची वाटते. ऊसतोडीत डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढणाऱ्या बाईची ताकद कुणीही मान्य करील. पण पाळी गेल्यावर हाडं झपाट्यानं विरळ होऊ लागतात आणि तिच्या कामावरून ते कळत नाही. केस-नखं-दात झडणं, सांधे ढिले पडणं, थकवा ही अस्थिक्षयाची लक्षणं चरकानं दिली आहेत, ती ‘वयच झालं’ म्हणून सोडून देऊ नयेत. डेक्सा म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी. तिच्यातला टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण हाडाशी तुलना करून काढलेला आकडा, उणे २.५ किंवा त्याखाली आला, तर तो ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार.

जाड हाड चांगलंच असतं, असंही नाही. नांदेडमधल्या किनवटकडं पाण्यातल्या फ्लोराइडचा त्रास जुना आहे. असं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं की एक्स-रेत हाड दाट दिसतं, पण आतून ठिसूळ होतं, सांधे आखडतात. लेकरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग दिसले, तर आधी बोअरचं पाणी तपासून घ्या. लिटरमागं दीड मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइड निघालं, तर ते पिण्यासाठी वापरू नका.