कॅमशाफ्ट : टर्बो मोटारींसाठी बाहेरच्या कॅमची तुलना

अंतर्ज्वलन इंजिनातील झडपा ठरावीक क्षणी उघडणारा व मिटू देणारा, उंचवटे असलेला फिरता दांडा. खरे पाहता एकेका उंचवट्यालाच कॅम म्हणायला हवे. विदर्भातल्या गॅरेजांत मात्र सबंध दांडाच ‘कॅम’ ठरला आहे, आणि या नोंदीतही तीच रीत पाळली आहे. फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टचे (पिस्टनांनी फिरणाऱ्या मुख्य दांड्याचे) दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक होतो. उघडणे कॅमचे काम, मिटवणे स्प्रिंगचे. कारखान्यातून आलेल्या दांड्याला ‘कंपनीचा’ आणि दुसऱ्या उत्पादकाच्या दांड्याला ‘बाहेरचा’ म्हणतात. अधिक ताकदीसाठी टर्बो मोटारीत (जिच्या इंजिनात बाहेर जाणाऱ्या वायूच्या जोरावर फिरणारा पंखा हवा दाबून भरतो) बाहेरचा कॅम बसवताना तुलना कशाची करावी, हा या नोंदीचा विषय आहे.

उगम : कॅमचा उगम वादग्रस्त आहे. फिरत्या दांड्यात ठोकलेला खुंटा मुसळाच्या आडव्या दांडीचे शेपूट दाबतो, मुसळ वर उचलले जाते, खुंटा निसटला की ते उखळात कोसळते. कॅमचे हे सर्वांत जुने ज्ञात रूप. पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात पायाने चालणारी ढेकी ज्याने पाहिली आहे त्याला हे निराळे समजावून सांगायला नको. तिथे पाय जे करतो तेच इथे खुंटा करतो. चीनमध्ये हान काळात पाण्यावर चालणारी अशी मुसळे होती व इसवी सनाच्या आरंभीच्या ह्वान थान याच्या लेखनात त्यांचा उल्लेख येतो. या आधारावर चिनी विज्ञानाचे इतिहासकार जोसेफ नीडम यांनी अग्रमान चीनला दिला. एम. जे. टी. लुइस यांनी मात्र हे साधन भूमध्य प्रदेशात हेलेनिस्टिक (अलेक्झांडरनंतरच्या ग्रीक) काळापर्यंत मागे नेले आहे. रोमन लेखक प्लिनी (इ. स. पहिले शतक) याने इटलीतील पाण्यावरच्या कांडपाविषयी लिहिलेले वाक्य या वादात वारंवार येते, पण त्याचा अर्थ एकमताने लागलेला नाही. दोन्ही ठिकाणी ते स्वतंत्रपणे घडले असणेही अशक्य नाही. एकाच दांड्यावर अनेक कॅम ओळीने बसवून त्यांच्याकडून क्रमवार कामे करून घेण्याची स्पष्ट वर्णने अल्-जझरी या यंत्रकाराच्या १२०६ च्या ग्रंथात सापडतात. त्यातले वाजंत्री बाहुले असेच चालतात. आजचा कॅमशाफ्ट मुसळापेक्षा या बाहुल्यांच्या अधिक जवळचा आहे, असे म्हणणे योग्य ठरेल.

मोटारीच्या इंजिनात कॅम आरंभी खाली, क्रँकशाफ्टच्या शेजारी असे व लांब पुश-रॉड (ढकलणारी सळई) आणि रॉकर (तरफ) यांच्या मदतीने झडप हलवी. अनेक ट्रॅक्टरांत आजही हीच रचना आहे. कॅम सिलिंडर हेडवर नेण्याचे श्रेय इंग्लंडच्या मॉड्स्ली कंपनीला १९०२ च्या सुमारास दिले जाते. दोन कॅम हेडवर, एक आत घेणाऱ्या व एक बाहेर सोडणाऱ्या झडपांसाठी, आणि प्रत्येक सिलिंडरला चार झडपा, ही आजच्या बहुतेक वेगवान मोटारींची मांडणी प्यूजोच्या ७.६ लिटर ‘एल-७६’ या शर्यतीच्या गाडीत आली. १९१२ ची फ्रेंच ग्रां प्री जॉर्ज ब्वालो याने तिच्यावर जिंकली. १९१३ ची इंडियानापोलिस शर्यत झ्यूल गू याने प्यूजोवरच जिंकली.

ही मांडणी नेमकी कोणाची, यावर बरेच लिहिले गेले आहे. रूढ मत स्वित्झर्लंडच्या एर्नेस्ट आंरी या आरेखकाकडे श्रेय देते. दुसऱ्या मतानुसार कल्पना ब्वालो, गू व पाओलो झुक्कारेल्ली या तीन शर्यतपटूंची होती आणि आंरीने ती कागदावर उतरवली. कंपनीतले जुने अभियंते या मंडळींना ‘भोंदू’ म्हणत. तिसरे मत असे, की झुक्कारेल्ली आधी हिस्पानो-सुइझा या मोटार कंपनीकडे असल्याने कल्पनेचे मूळ तिथला आरेखक मार्क बिर्किग्ट याच्याकडे जाते. तिसऱ्या मताला पूरक असा निर्णायक कागद पुढे आलेला नाही. चालवणाऱ्यांना काय हवे ते ठाऊक होते व आंरीला ते कसे रेखाटायचे ते ठाऊक होते, असे धरले तर पहिली दोन मते परस्परांना फारशी छेदत नाहीत.

बाहेरचे कॅम घासून विकण्याचा धंदा दोन महायुद्धांच्या दरम्यान कॅलिफोर्नियात वाढला. एड विनफील्ड व त्याच्यानंतर एड इस्केंडेरियन ही त्यातली ठळक नावे. टर्बोचार्जरची कल्पना त्याहून जुनी आहे. आल्फ्रेड ब्यूशी या स्विस अभियंत्याचे पेटंट १९०५ चे. प्रवासी मोटारीत ती १९६२ मध्ये अमेरिकेत आली.

टर्बो आणि कॅम : टर्बो नसलेल्या इंजिनात बाहेर जाणाऱ्या वायूचा झोत मागून ताजी हवा ओढतो. म्हणून दोन्ही झडपा काही काळ एकाच वेळी उघड्या ठेवतात. या काळाला ओव्हरलॅप म्हणतात. टर्बो इंजिनात बाहेरच्या वाटेवर टर्बाइन बसलेले असते आणि त्याच्या आधी वायू तुंबतो. हा तुंबलेला दाब आतल्या बूस्टपेक्षा (टर्बोने भरलेल्या हवेच्या दाबापेक्षा) जास्त असेल तर ओव्हरलॅपच्या वेळी जळका वायू उलट आत शिरतो. सिलिंडर तापतो, नॉकिंग (इंधन अवेळी पेटून बसणारे ठोके) वाढते आणि मिळायची ताकद मिळत नाही.

यावरून जुन्या पठडीचा नियम पडला : टर्बोचा कॅम कमी अवधीचा (झडप कमी काळ उघडी ठेवणारा) आणि दोन उंचवट्यांच्या शिखरांत जास्त अंतर असलेला, साधारण ११२ ते ११६ अंशांचा असावा. नव्या मताचे लोक म्हणतात, की मोठ्या व कार्यक्षम टर्बाइनमध्ये हा तुंबलेला दाब बूस्टच्या जवळपास किंवा खाली राहू शकतो, तेव्हा ओव्हरलॅप टाळण्याचे कारण उरत नाही. सिलिंडरमध्ये थेट इंधन फवारणाऱ्या इंजिनांत तर कारखानाच कमी फेऱ्यांवर मुद्दाम ओव्हरलॅप वाढवतो. तिथे वाहून जाते ती नुसती हवा, पेट्रोल नव्हे. दोन्ही मते आपापल्या टर्बाइनपुरती खरी आहेत. टर्बाइनआधीचा दाब मोजलेला नसेल आणि टर्बो कंपनीचाच असेल, तर जुना नियम धरून चालणे अधिक सुरक्षित दिसते.

मापनाची अडचण : बाजारात कॅम अंशांवर विकले जातात. मित्सुबिशी लान्सर इव्होल्यूशनच्या ४जी६३ इंजिनासाठी ‘२६४’, ‘२७२’, ‘२८०’ अशी नावेच रूढ झाली आहेत. हा आकडा म्हणजे झडप उघडी राहण्याचा अवधी, क्रँकशाफ्टच्या अंशांत. पण झडप ‘उघडी’ केव्हापासून धरायची, यावर उत्पादकांचे एकमत नाही. कॅमच्या उंचवट्याला दोन्ही बाजूंनी हळू चढणारा उतार असतो, म्हणून मोजणीचा आरंभ थोडा जरी सरकला तरी आकडा बराच बदलतो. अमेरिकन प्रथेत ०.००६ इंच (सुमारे ०.१५ मिमी) उचल धरून ‘जाहिरातीचा’ अवधी देतात आणि ०.०५० इंच (१.२७ मिमी) धरून दुसरा. या दोघांत चाळीस-पन्नास अंशांचाही फरक पडू शकतो. जपानी व युरोपीय उत्पादकांपैकी अनेक जण १ मिमीवर मोजतात. तेव्हा ०.१५ मिमीवर मोजलेला ‘२७२’ हा १ मिमीवर मोजलेल्या ‘२६४’ पेक्षा प्रत्यक्षात बराच सौम्य असू शकतो. किती उचलीवर मोजले ते लिहिलेले नसेल तर त्या दोन कॅमची तुलना करता येत नाही. ज्या विक्रेत्याला ते सांगता येत नाही त्याच्याकडून घेऊही नये.

दुसरी गोष्ट शिखरांतील अंतर. दोन्ही बाजूंचा अवधी २७२ व अंतर ११० अंश असेल तर ओव्हरलॅप २७२ – २२० म्हणजे ५२ अंश (शिखरांतील अंतर कॅमच्या अंशांत मोजतात, म्हणून क्रँकशाफ्टच्या अंशांत ते दुप्पट धरायचे). तोच अवधी आणि अंतर ११४ असेल तर ४४. २६४ व ११२ धरल्यास ४०. एकाच नावाचे दोन कॅम टर्बो इंजिनात वेगळे वागतात याचे कारण पुष्कळदा या वजाबाकीत सापडते. जिथे दोन कॅम स्वतंत्र आहेत तिथे फिरवता येणारी कॅम-गिअर लावून हे अंतर नंतरही बदलता येते. एकाच दांड्यावर दोन्ही प्रकारचे उंचवटे असतील तर ते घासतानाच कायमचे ठरते.

उचल (लिफ्ट) वाढली की स्प्रिंग जास्त दबते. तिचे वेढे एकमेकांना भिडत नाहीत ना, आणि झडप व पिस्टन यांत जागा उरते ना, हे दोन्ही तपासावे लागते. आत घेणाऱ्या झडपेला सुमारे २ मिमी व बाहेरच्या झडपेला सुमारे २.५ मिमी जागा असावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. टर्बोत बूस्टचा दाब आतल्या झडपेच्या पाठीवर पडून ती उघडू पाहतो, म्हणून तिथे कंपनीची मऊ स्प्रिंग लवकर अपुरी पडते. जुनाच दांडा पुन्हा घासून बनवलेल्या कॅममध्ये मूळ वर्तुळ लहान होते. टॅपेटपर्यंतचे (कॅम व झडप यांच्यामधल्या तुकड्यापर्यंतचे) अंतर वाढते व ते भरून काढावे लागते.

विदर्भातील स्थिती : ग्रामीण विदर्भात टर्बो म्हणजे मुख्यतः डिझेल : पिकअप, जीप, काही ट्रॅक्टर. त्यांत ताकदीसाठी कॅम बदलत नाहीत. बदलतात ते झिजल्यामुळे, आणि तेव्हा प्रश्न अंशांचा नसतो, ‘कंपनीचा घ्यायचा की बाहेरचा’ एवढाच असतो. पेट्रोल टर्बो हौशी लोकांकडे आहेत, पुष्कळदा दुसऱ्या हाताने घेतलेल्या. स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसचे १.८ लिटर, २० झडपांचे इंजिन यांतले जुने व परिचित.

अशा गाडीचे हेड तालुक्याच्या मिस्त्रीने खोलले तर एक अडचण हमखास येते. त्याचा हात ट्रॅक्टरवर बसलेला असतो. फिलर गेज घालून रॉकरखालची फट जमवणे, म्हणजे ‘टॅपेट सेटिंग’, हे त्याच्या अंगवळणी पडलेले. ऑक्टाव्हियाच्या इंजिनात तेलाच्या दाबाने फट आपोआप भरणारे हायड्रॉलिक लिफ्टर आहेत. तिथे जमवायची फटच नाही. शिवाय एक कॅम पट्ट्यावर आणि दुसरा त्या कॅमवरून निघालेल्या साखळीवर फिरतो. साखळीचा एक दात चुकला तरी ताकद जाते, आणि अधिक चुकला तर झडपेचे डोके पिस्टनला भेटते. मिस्त्री कुशल असला तरी त्याचे कसब निराळ्या यंत्राचे असते, एवढेच येथे नोंदवायचे आहे. गावोगावी लेथ आहे. कॅम घासायचे यंत्र ही वेगळी गोष्ट आहे. झिजलेला उंचवटा वेल्डिंगने भरून हाताने ग्राइंडर मारलेला कॅम धान्याच्या मळणीला पुरत असेल, टर्बो पेट्रोलला पुरत नाही.

हवामानाचा भाग दुर्लक्षिला जातो. चंद्रपूर, अकोला, वर्धा या भागांत मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. २५ अंशांच्या हवेपेक्षा ४५ अंशांची हवा सुमारे सहा टक्के विरळ असते. बूस्ट वाढवून तेवढी भरपाई करता येईल असे वाटते, पण दाब दुप्पट करणारा, ७० टक्के कार्यक्षमतेचा कंप्रेसर २५ अंशांची हवा ११८ अंशांपर्यंत तापवतो आणि ४५ अंशांची जवळजवळ १४५ पर्यंत. इंटरकूलरला (दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीला) तीही ४५ अंशांच्याच वाऱ्यात थंड करावी लागते. नॉकिंग जवळ आलेल्या अशा इंजिनात जळका वायू मागे ओढणारा मोठा कॅम घालणे हे पुण्या-बंगळुरूच्या हवेत बसवलेल्या गाडीचे उदाहरण पाहून ठरवू नये. कापसाच्या व सोयाबीनच्या हंगामातील धूळ हा आणखी एक मुद्दा. तेलात गेलेली धूळ कॅमच्या शिखरावरच आधी घासते.

मोठा कॅम ताकद वरच्या फेऱ्यांकडे सरकवतो. आतली झडप उशिरा मिटते, खालच्या फेऱ्यांवर भरलेली हवा थोडी परत जाते, आणि टर्बो उशिरा जागा होतो. ‘२७२’ वर्गाच्या कॅमचा फायदा मिनिटाला साधारण साडेपाच हजार फेऱ्यांच्या पुढे दिसतो. बैलगाडी, रेंगी आणि शाळेची पोरे यांच्यातून काढावयाच्या गावरस्त्यावर तो भाग लागत नाही. समृद्धी महामार्गाने (नागपूर–शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये व संपूर्ण ७०१ किमी जून २०२५ मध्ये खुला) वर्धा, वाशिम, बुलढाण्याच्या हौशींना लांब सरळ रस्ता दिला खरा, पण तिथली कमाल मर्यादा ताशी १२० किमी आहे आणि वरच्या गिअरमध्ये त्या वेगाला इंजिन तीन हजारांच्या आसपासच फिरते.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतील मूळ तपशिलांशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम काटेकोर वाचले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ (४) मध्ये परवानगीविना केलेल्या प्रत्येक बदलास ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. कॅम झाकणाखाली असल्याने वरून दिसत नाही; ओव्हरलॅप वाढलेल्या इंजिनाची आयडलवरची (गाडी उभी असतानाची) अडखळती धडधड मात्र ऐकू येते, आणि धुराच्या तपासणीत न जळलेल्या इंधनाचा आकडा वाढतो.