पगार वाढला की बचत आपोआप होते?

‘पगार वाढू दे, मग निवृत्तीसाठी बचत आपोआप होईल’ हा समज वर्षानुवर्षं फिरतो आहे. हिशेब वरकरणी बरोबर वाटतो. पण मिळकतीमागोमाग खर्चही वाढतो, आणि मन उद्याच्या मोठ्या फायद्यापेक्षा आजच्या छोट्या सुखाला झुकतं माप देतं. घरचं वळणही असतंच: कुठे पैशाविषयी बोलणंच टाळतात, कुठे ‘मुलं बघतील’ असं धरून चालतात. म्हणूनच पगारातून परस्पर कपात झाली की बचत टिकते. दरमहा नव्याने मन वळवावं लागत नाही. (यात मनोनिग्रहापेक्षा सोयीचाच वाटा मोठा!)

पडताळायचं असेल तर मागच्या पगारवाढीच्या आधीची आणि नंतरची बँकेतली शिल्लक शेजारी मांडा. पगारवाढीतला महागाईने खाल्लेला भाग मात्र आधी वजा करा, नाहीतर स्वतःवरच अन्याय होईल.